पुरणारे फक्त "ते लोक" नसतात: आमच्या गावातल्या दफनभूम्या आणि नोंदींची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, आणि मी इथे महा-ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर हे रोजचं, आणि त्याच्याच जोडीला मृत्यूच्या दाखल्यासाठी येणारी माणसं. बरीच वर्षं हे काम करताना एक गोष्ट मला सारखी खटकत आलीये, ती म्हणजे दफन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त कब्रस्तान येतं. नगरपरिषदेत दफनभूमीच्या कंपाउंडचा विषय निघाला की "ते त्यांचं त्यांनी बघावं" असं म्हणणारी माणसं मी स्वतः ऐकलीयेत, आणि ते म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातली दोन-तीन माणसं तरी मातीतच पुरलेली असतात.

कशी ते सांगते. आमच्या गावात ओढ्याकडे जाताना आधी नगरपरिषदेची स्मशानभूमी लागते, पत्र्याचं शेड, लोखंडी सांगाडे, बाजूला पाण्याची टाकी, ती दहनाची. त्याच्या पलीकडे वेड्या बाभळीतून पायवाट जाते ती लिंगायतांच्या रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत. कब्रस्तान गावाच्या दुसऱ्या टोकाला दर्ग्याला लागून. ख्रिश्चनांची दफनभूमी लहानशी, मिशनच्या काळातली. गोसाव्यांच्या समाध्या त्यांच्या त्यांच्या मठाच्या आवारात नाहीतर शेताच्या बांधाला. महानुभाव पंथातले पुरतात, नाथपंथी पुरतात, कितीतरी भटक्या जमाती पुरतात. आणि ज्यांच्यात मोठ्या माणसाला अग्नी देतात त्यांच्यातही तान्हं मूल गेलं तर ते पुरतातच, दात यायच्या आतलं मूल कोणी जाळत नाही. म्हणजे हिशोब केला तर या गावात असं घर सापडणं अवघड आहे ज्यांचं कुणीच मातीत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात आणि हे ज्यांनी पाहिलेलं नसतं त्यांना ते फार वेगळं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी आज्जी गेली तेव्हा घरातल्या जाणत्या बायकांनी पहिलं काम काय केलं असेल तर रडणं बाजूला ठेवून तिचे पाय मांडी घालून दुमडले. कारण जीव गेल्यावर दोन-चार तासांत अंग ताठरायला लागतं आणि मग बसवता येत नाही, सगळ्यात जास्त घाई असते ती याचीच. मग आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, नवं लुगडं नेसवून तिला भिंतीला टेकवून बसवलं, मान कलू नये म्हणून मागून कापडाने आधार दिला. गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे लिंगायत माणूस अंगावर बाळगतो ते छोटं लिंग, डाव्या तळहातावर ठेवलं. लोक येऊन फुलं वाहून जात होते आणि ती बसलेलीच, रोज पूजेला बसायची तशी. नेताना तिरडी नसते, बांबूचं आणि फुलांचं विमान करतात, त्यात बसवून नेतात, पुढे भजन.

खड्डाही साधा नसतो. आधी खोल चौकोनी खणतात, आणि मग तळाशी एका बाजूला भिंतीत कोनाड्यासारखी जागा कोरतात, त्यात माणूस बसवायचा, म्हणजे वरून माती लोटली तरी ती थेट डोक्यावर पडत नाही. स्वामी पूजा करतात, बेलाची पानं, विभूती आणि मीठ घालतात, मगच माती. मीठ भरपूर लागतं, पोतंच आणतात. आमच्याकडची जमीन काळी, खाली मुरूम, पावसाळ्यात खड्ड्याची कड ढासळते आणि उन्हाळ्यात पहार लागत नाही, त्यामुळे खणणाऱ्या माणसाला मान फार. हल्ली जेसीबी बोलवतात पण तो कोनाडा काही जेसीबीने होत नाही, त्याला माणूसच आत उतरावा लागतो. गावात हे नीट जमणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिलीत याची मला खरंच काळजी वाटते.

कब्रस्तानातल्या रीती मला आमच्या शेजारच्या चाचींनी सांगितल्या. गुसल म्हणजे शेवटची आंघोळ घालून कफन, पुरुषाला तीन कपडे आणि बाईला पाच, मग जनाज्याची नमाज. कबर उत्तर-दक्षिण खणायची आणि तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आपल्याकडे पश्चिमेला. वर फरशी नाहीतर फळ्या ठेवून मग माती, आलेला प्रत्येक जण तीन ओंजळी माती टाकतो. बहुतेक कबरी कच्च्याच ठेवायच्या असा आग्रह, त्याचा एक फायदा असा की बऱ्याच वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरता येते. आमच्या रुद्रभूमीत मात्र गेल्या काही वर्षांत ज्याला परवडतं तो ग्रॅनाइटचा चौथरा बांधतोय, त्यावर फोटो, वर पत्रा, आणि जागा तर वाढत नाही. मला हे पटत नाही. आई-वडिलांवर प्रेम आहे हे मान्य, पण सगळ्यांनी असे चौथरे बांधले तर पुढच्या पिढीला टेकायला जागा उरणार नाही, आणि समतेची शिकवण देणाऱ्या बसवण्णांचं नाव घेणाऱ्या समाजात मेल्यावर तरी श्रीमंत-गरीब दिसू नये असं मला मनापासून वाटतं.

जागेचा विषय निघालाच आहे तर कागदाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधल्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन गायरान, गावठाण, खळवाडी, बाजार यांच्यासाठी राखून ठेवू शकतात तशीच दहन-दफनभूमीसाठीही ठेवू शकतात. पण कितीतरी गावांत झालंय काय की जागा शंभर वर्षं वापरात आहे आणि सातबाऱ्यावर तिचं नावच नाही. कुणातरी पाटलाने किंवा देशमुखाने तोंडी दिलेली, तेव्हा शब्दाला किंमत होती, आता त्याचे नातू वाटण्या करून बसलेत आणि रस्ता ज्याच्या वाट्याला आला त्याने तार मारली. मग मयत घेऊन बांधावर उभं राहायचं आणि तहसीलदारांना फोन लावायचे. माझं आपलं सगळ्यांना एकच सांगणं असतं, तुमच्या समाजाच्या जागेचा गट नंबर काढा आणि उतारा बघा, भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे, इतर हक्कात काय लिहिलंय, नकाशात रस्ता दाखवलाय का. ऑनलाइन सातबारा बघायला पाच मिनिटं लागतात. मयत दारात असताना हे करता येत नाही.

आणि ज्यांना मुळात जागाच नाही त्यांचं काय. पालं टाकून राहणारी भटकी माणसं, त्यांच्यातलं कोणी गेलं की एका गावातले म्हणतात इथे नको, दुसऱ्यातले म्हणतात तिथे न्या. दलित वस्तीची स्मशानभूमी वेगळी, तिला शेड नाही, पावसात रॉकेल आणि टायरवर काम चालतं, हे अजून चालू आहे. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढा आहे, तिथे गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी दिली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दरवर्षी लाखो लोक त्या समाधीवर डोकं टेकवतात. तेच लोक गावात परत आल्यावर स्मशानाच्या वाटा वेगळ्या ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नोंदीचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, आणि त्यात मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांत कळवायचं असतं. गावात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) निबंधक असतात, शहरात नगरपरिषदेचा विभाग. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे: नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. माणूस कुठला राहणारा किंवा कुठे पुरला याला त्यात महत्त्व नाही. सोलापूरला दवाखान्यात वारले, आणून गावच्या रुद्रभूमीत समाधी दिली, तर दाखला सोलापूरलाच मिळणार. लोक इथल्या नगरपरिषदेत चार-चार महिने चकरा मारतात, "आम्ही तर इथे पुरलं, सगळं गाव होतं मातीला" म्हणतात. सगळं गाव असलं तरी रजिस्टरात ते नाही.

दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्या कर्त्या माणसाची. पण याच कायद्याच्या कलम १० मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी फार कोणाला माहीत नसते, दहन-दफनाच्या जागेचा जो मालक किंवा राखणदार असेल त्यानेही निबंधकाला मृत्यूची सूचना द्यायची आहे. मोठ्या शहरात हे होतं, तिथे स्मशानात टेबल असतं, माणूस पावती फाडतो. आमच्या रुद्रभूमीला ना राखणदार ना टेबल ना पावती. कब्रस्तानाच्या कमिटीकडे वही आहे आणि ती बऱ्यापैकी नीट आहे, ख्रिश्चन दफनभूमीचं रजिस्टर तर पास्टरसाहेबांकडे जुन्या पद्धतीने अजूनही लिहिलं जातं, नाव, वय, तारीख, कोणी विधी केला ते. आमच्याकडेच काही नव्हतं.

२१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत लेट फी भरून नोंद होते, त्यापुढे एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की आदेश आणावा लागतो. आधी हा आदेश कोर्टातून, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून यायचा, २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून ते काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. तिथे पुरावा मागतात. पुरावा म्हणून सगळ्यात पहिलं काय मागतील तर स्मशानभूमीचा दाखला. आणि आमच्यासारख्या ठिकाणी तोच नसतो. मग पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, पोलीस पाटलांचा दाखला, लग्नपत्रिकेत "कै." लिहिलेलं असेल तर ती पत्रिका, दहाव्याला वाटलेलं कार्ड, असं काय काय गोळा करत बसावं लागतं.

हे सगळं कशासाठी असं वाटत असेल तर माझ्या काउंटरसमोर एक दिवस बसून बघा. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली बाई संजय गांधी निराधारच्या पगारासाठी येते, पहिला कागद मृत्यूचा दाखला. वारस नोंद करायची, फेरफार पाडायचा, तर मृत्यूचा दाखला. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ५९ वर्षांच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, त्याला दाखला. शेतकऱ्याचा साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख मिळतात, पण तिथे नुसता दाखला पुरत नाही, सहसा पोस्टमॉर्टेम आणि पंचनामा लागतो. साप चावून गेलेल्या माणसाला घरचे देवऋषाकडून परत आणतात आणि रात्रीतच माती देऊन मोकळे होतात, कारण चिरफाड नको. मला त्यांचं दुःख कळतं हो, पण नंतर त्या घरातल्या बाईला मी काय उत्तर देऊ. एकदा पुरल्यावर प्रेत बाहेर काढायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आपण आपलं ठरवून उकरता येत नाही, आणि दफनाच्या जागेत घुसून विटंबना करणं हा गुन्हाच आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३०१. म्हणून आधीच थांबायचं, पोलिसांना कळवायचं, अर्धा दिवस जातो पण घर उभं राहतं.

अजून एक, दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. विम्याच्या कामाला लोक भांडतात की कारण का छापलं नाही. कायद्यानेच दाखल्यात कारण द्यायला मनाई आहे, ते फक्त आकडेवारीसाठी घेतलं जातं. कारण हवं असेल तर दवाखान्याचे कागद किंवा पीएम रिपोर्ट.

मला सगळ्यात जास्त हलवून टाकतात त्या तान्ह्या बाळांच्या आया. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक उंचवटा आहे, तिथे बाळं पुरतात. कुणी दगड ठेवतं, कुणी काटेरी फांदी, कुत्री उकरू नयेत म्हणून. बाप आणि एखादा काका जाऊन येतो, आईला नेत नाहीत. ना नाव ना पाटी. आणि नोंद? बहुतेक वेळा काहीच नाही, "दोन दिवसांचं तर होतं, त्याचं काय लिहायचं". पण कायद्याने बाळ एक तास जरी जगलं तरी त्याच्या जन्माचीही नोंद करायची आणि मृत्यूचीही, दोन वेगळे कागद. मृत जन्मलं असेल, २८ आठवडे पूर्ण झालेलं, तर त्याचीही वेगळी नोंद असते. एक बाई माझ्याकडे आली होती, तिचं काम वेगळंच होतं, रेशनकार्डात नाव वाढवायचं, पण कागद बघता बघता म्हणाली, "ताई, माझ्या पहिल्या पोरीचं कुठं नाव निघंल का वो?" दवाखान्यातलं बाळंतपण होतं म्हणून जन्म नोंदवलेला निघाला. नाव नव्हतं, मुलगी एवढंच. तिने प्रिंट मागितली आणि पदराखाली घडी करून ठेवली. सरकारी कामाला त्या कागदाचा काही उपयोग नाही. पण ती पोर होऊन गेली हे कुठेतरी लिहिलेलं आहे, आणि मी तरी त्यापेक्षा मोठं काम या खुर्चीवर बसून केलेलं मला आठवत नाही.

जुन्या नोंदींची किंमत लोकांना २०२३ मध्ये कळली. कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकं बाहेर आली. गावचा कोतवाल गावात कोण जन्मलं कोण मेलं ते लिहायचा, गाव नमुना १४, बरंचसं मोडी लिपीत, नावासमोर जात. ज्या बाडांवर धूळ होती त्यांच्यासाठी रांगा लागल्या, मोडी वाचणारी माणसं शोधून आणली. निवृत्त कोतवालाच्या आजोबाने बोरूने खरडलेली एक ओळ, "अमक्याचा मुलगा तापाने मयत", तिच्यावर आज नातवाचं सर्टिफिकेट निघतंय. काही बाडांची पानं हात लावला की तुकडे पडतात. स्कॅनिंग चालू आहे, ते लवकर व्हावं एवढीच इच्छा.

दोन वेळा आमच्या भागाने असा काळ पाहिलाय जेव्हा नियम, रीत, नोंद सगळं एकदम कोलमडलं. एक किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आमच्या गावातून मदतीला गेलेली माणसं अजून सांगतात, पाऊस, चिखल, लाकडं नाहीत, एकेका सरणावर कितीतरी जण. ज्यांना समाधी द्यायची त्यांनाही अग्नी दिला गेला, कोण कोणाचं हे सांगणारंच घरात उरलं नव्हतं. दुसरा कोविड. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने सगळ्यांनाच दहन असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते बदललं, पुढे मे महिन्यात उच्च न्यायालयानेही दफनाला परवानगी कायम ठेवली आणि सन्मानाने अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं मानलं. पण तोवर इकडे व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं. आमच्या घरात एक आजारी म्हातारं माणूस होतं, ते रोज विचारायचं, "मला जाळणार का?" मरणाची भीती नव्हती त्यांना, बसवून माती मिळेल की नाही याची होती.

तर आता रुद्रभूमीसाठी आम्ही वही सुरू केलीये. जाड बांधणीची, मठात ठेवलेली, आणि खड्डा खणायला सांगायला जो येईल त्यानेच ती भरायची असं ठरलंय, कारण त्या वेळी कोणी ना कोणी मठात येतोच. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, आधारवर आहे तेच स्पेलिंग, मृत्यूची तारीख आणि वेळ, समाधीची जागा कुठल्या रांगेत, खाली कळवणाऱ्याची आणि स्वामींची सही. "मृत्यू कुठे झाला" हा रकाना मी मुद्दाम मोठा आखून घेतला, गाव आणि दवाखान्याचं नाव दोन्ही बसेल इतका. महिन्याच्या शेवटी त्याची एक प्रत नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात द्यायची, तिथल्या बाईंनी पोच द्यायला होकार दिलाय. ओढ्यावरच्या बाळांसाठी वहीची शेवटची पानं ठेवलीत, कुठल्याही जातीचं असो, तिथे आईचं नाव लिहायचं. तुमच्या गावात रुद्रभूमीची किंवा मसणवाट्याची अशी वही आधीपासून असेल तर तिच्यात कोणकोणते रकाने आहेत ते मला नक्की कळवा, आमची वही अजून नवी आहे, बदल करता येतील.